चरावर नळा टाकण्याआधी माप ठरवा

प्रति,
कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद,
उपविभागीय अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग,
तहसीलदार, गटविकास अधिकारी,
आणि आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस,



साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला आहे. शेवटचा ऊस गेला की पहिल्या पावसापर्यंत जेमतेम तीन महिने हातात राहतात. रस्ता, चर, मोरी यांची कामे व्हायची ती याच दिवसांत. एकदा पाऊस लागला की काळ्या रानात जेसीबी उतरत नाही आणि उतरला तर निघत नाही. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. उघड लिहिण्याचे कारण असे की हा विषय पाच कार्यालयांत वाटला गेला आहे. एकाला दिलेला अर्ज दुसऱ्याकडे वर्ग होतो, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो आणि तोवर मृग लागतो.

मागणी छोटी आहे. रस्त्याकडेच्या चरावरून शेतात, घरात, दुकानात किंवा गोठ्यात जाण्यासाठी जो कोणी वाट करील, त्याने नळा किती रुंद घालायचा, कोणत्या पातळीवर बसवायचा, हे आधी लेखी ठरवून द्या. कुणी, कुठे, कोणत्या मापाचा घातला याची नोंद ठेवा. आजवर असा एका पानाचा, मराठीतला, गावात कुणालाही दाखवता येईल असा नियम आमच्या हातात कुणी ठेवलेला नाही.

आमचा पट्टा कृष्णा आणि वारणेच्या काठचा. जमीन काळी, खोल आणि जवळजवळ सपाट. उतार इतका कमी की पाणी कुठे जाणार हे डोळ्यांना कळत नाही. ते फक्त जुन्या माणसांना आणि ओढ्याला माहीत असते. अशा रानात रस्त्याकडेचा चर हीच पाण्याची वाट. डोंगराळ भागात पाणी स्वतःची वाट काढते. इथे चर बुजला की पाणी जागच्या जागी थांबते.

गावाहून कारखान्याकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर ओढ्यापाशी घडीव दगडाची एक जुनी कमानी मोरी आहे. रस्ता रुंद केला तेव्हा मधली कमान तशीच ठेवून तिच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे दोन-दोन नळे जोडले. कमानीखालून माणूस वाकून पलीकडे जात असे, आता त्या नळ्यांतून रांगावे लागेल. तेही जमणार नाही, कारण डावीकडच्या नळ्यातून उपसा सिंचनाच्या दोन पीव्हीसी लाइन नेल्या आहेत आणि त्यांच्यावरून केबलची एक काळी नळी गेली आहे. पहिल्या जोरदार पावसात वरच्या रानांतले पाचट वाहत येते आणि त्या लाइनींवर अडकते. पाचटावर खताची रिकामी पोती, त्यांच्यावर प्लास्टिक, सगळ्यावर गाळ. दोन दिवसांत नळ्याच्या तोंडावर भिंत उभी राहते. उजवीकडचा नळा मोकळा आहे, पण त्याचा तळ चराच्या तळापेक्षा वीतभर वर बसवलेला आहे. म्हणजे तेवढे पाणी बारा महिने चरात उभे, त्यात गवत, गवतात गाळ.

या मोरीपासून गावाकडे चालत आले की प्रत्येक शेताच्या तोंडाशी एक वाट लागते. कुणी दोन फुटी सिमेंटचा नळा नीट बसवला आहे. पुढच्याने एक फुटी घातला. त्याच्या पुढच्याने विहिरीच्या कामातून उरलेला सहा इंची पीव्हीसीचा तुकडा मातीत पुरला. आणखी पुढे नळाच नाही, दोन ट्रॉल्या मुरूम ओतून चर सपाट केला आहे. ज्याने दोन फुटी नळा घातला त्याने खर्च केला, शहाणपण दाखवले, पण त्याच्या खालच्याने सहा इंची तुकडा पुरल्यावर त्या खर्चाचा काही उपयोग उरला नाही. पाण्याच्या वाटेवर सगळ्यात अरुंद जागेचेच माप चालते.

इथे थोडे गणित मांडते, कारण माप ठरवण्याचे काम गणिताचे आहे. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. एका मोरीकडे 10 हेक्टर, म्हणजे साधारण 25 एकर, रानाचे पाणी येते असे धरा. वळवाचा किंवा जुलैचा जोरदार पाऊस तासाला 50 मिलिमीटर पडला आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरले, तरी उरलेले निम्मे सेकंदाला सुमारे 700 लिटर या वेगाने मोरीकडे येते. आता नळा पाहा. 300 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आपला एक फुटी सिमेंटचा नळा, अगदी स्वच्छ असेल आणि शंभर फुटांना एक फूट उतार मिळाला तर सेकंदाला साधारण 100 लिटर पाणी नेतो. म्हणजे सातात एक वाटा. बाकीचे सहा वाटे रानात आणि रस्त्यावर. आणि हा उतार आमच्या सपाट रानात मिळतच नाही, त्यामुळे खरा आकडा याहून कमी.

गावात एक समजूत पक्की आहे की दोन फुटी नळा महाग पडतो तर दोन एक फुटी शेजारी-शेजारी टाकावेत, काम तेच होते. तसे होत नाही. व्यास दुप्पट झाला की त्याच उतारावर पाणी सुमारे सहा पट जाते, तिप्पट झाला की अठरा पटींहून जास्त. एका दोन फुटी नळ्याची बरोबरी करायला सहा एक फुटी नळे लागतील आणि एवढी रुंदी कोणत्याही चराला नाही. ही गोष्ट अभियंत्यांना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्या पुस्तकातच आहे. पण चरावर नळा टाकणारा माणूस शेतकरी असतो, ट्रॅक्टरवाला असतो, मुरूम टाकणारा ठेकेदार असतो. त्याच्यापर्यंत ती कुणी पोचवलेली नाही.

पाणी साचल्याने होते काय, हे ज्यांचे रान नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे अडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये. सरीत पाणी उभे असेल तर वाफसा येत नाही आणि वाफशाशिवाय लागण होत नाही, ती महिनाभर पुढे जाते. सोयाबीनच्या मुळांशी दोन-तीन दिवस पाणी राहिले की पाने पिवळी पडतात आणि पीक मग पुन्हा उभारी धरत नाही. ही झाली एका हंगामाची गोष्ट. वर्षानुवर्षे निचरा बंद राहिला की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपड जमीन म्हणजे काय हे कुणाला समजवावे लागत नाही. उन्हाळ्यात रानावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते आणि त्यात गवतही धड येत नाही. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून अशी राने पुन्हा पिकाखाली आणली आहेत, त्यासाठी मोठा खर्च सोसला आहे. पण त्या पाइपांचे पाणी शेवटी चरात किंवा ओढ्यातच सोडावे लागते. चराचा तळ गाळाने वर आला की पाइपाचे तोंड पाण्याखाली जाते आणि केलेला खर्च जागेवर थांबतो.

आता कायद्याकडे येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चे कलम 20 सांगते की सार्वजनिक रस्ते आणि त्यांच्या कडेचे चर, पूल, तसेच ओढे-नाले ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे चर माझा नाही, शेजाऱ्याचा नाही, ठेकेदाराचा नाही. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 ने गावातल्या सार्वजनिक रस्त्यावरचे आणि उघड्या गटारावरचे अडथळे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अधिकार आहेत. मात्र ते सगळे नुकसान झाल्यानंतर वापरायचे आहेत आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध वापरायचे आहेत.

माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. मी दावा कुणावर करू? सहा इंची तुकडा पुरणाऱ्यावर? तो म्हणेल, खालच्याने तर सगळाच चर बुजवला. खालचा म्हणेल, पाणी वरच्यांनी आपापल्या रानातून चरात सोडले म्हणून वाढले. प्रत्येकाने थोडेथोडे अडवले आहे आणि नुकसान सगळ्यांचे मिळून झाले आहे. अर्ज घेऊन कार्यालयात गेले की उत्तर मिळते, ‘आपसात मिटवून घ्या.’ आपसात मिटत नाही. पावसाच्या रात्री कुणीतरी कुदळ घेऊन जातो आणि शेजाऱ्याची वाट फोडतो. सकाळी पोलीस पाटलांकडे दोन्ही घरे उभी असतात. चुलत्या-पुतण्यांचे बोलणे बंद होते, लग्नाच्या पत्रिकेतून नावे जातात. हे भांडण मुळात आमचे नाही. माप ठरवणाऱ्याने माप न ठरवल्यामुळे ते आमच्या बांधावर आले आहे.

चर बुजवणाऱ्या शेतकऱ्याला मी गुन्हेगार मानत नाही. शेजारच्या पोराला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘काकी, ट्रॉली काय डोक्यावनं न्यायची व्हय?’ त्याचे खरे आहे. तोडणी आली की ट्रॅक्टर-ट्रॉली, अंगद गाडी, कधी ट्रकसुद्धा शेताच्या तोंडाशी यावा लागतो. भरलेली ट्रॉली वळायला रुंद जागा लागते. ऊसतोड टोळी वाट पाहत थांबत नाही, ती पुढच्या फडावर निघून जाते. त्या घाईत तो हाताला लागेल ते टाकतो. त्याला रुंद वाट हवी आहे आणि मला मोकळा चर हवा आहे. योग्य मापाचा नळा दोन्ही देतो. फक्त तो कोणता, हे सांगणारे आणि तो मिळवून देणारे कुणीतरी हवे.

यात कार्यालयांच्या स्वतःच्या कामांचाही मोठा वाटा आहे आणि तो बाजूला ठेवून शेतकऱ्यांना नोटिसा काढणे न्यायाचे होणार नाही. रस्त्यावर दर वेळी नवा थर चढतो, साइडपट्टीचा मुरूम चरात ढकलला जातो. पाणीयोजनेची लाइन किंवा केबल टाकायला साइडपट्टी खणतात, उकरलेली माती चरातच राहते. गावठाणात काँक्रीटचा रस्ता उंच होतो आणि दोन्ही बाजूंची घरे खाली राहतात. बंदिस्त गटार होते, फरशा बसतात, पण गटार संपते कुठे? शेवटच्या घरापाशी. तिथून सांडपाणी रस्त्याकडेच्या चरात आणि चरातून पहिल्या शेतात. ज्याचे ते शेत, त्याने काय करावे? तो चर बुजवतो, पाणी रस्त्यावर येते आणि मग रस्ता खराब केल्याचा ठपका त्याच्यावर येतो. गटाराच्या अंदाजपत्रकात त्याचे पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला मिळणार हे दाखवल्याशिवाय त्याला तांत्रिक मंजुरी मिळू नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

बांधकाम विभागाने हा विषय शेतीचा म्हणून सोडू नये. रस्त्याखालच्या मातीची ताकद तपासताना नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, कारण भिजलेल्या मातीवर रस्ता किती टिकतो हेच खरे माप. काळी माती भिजली की फुगते आणि भार पेलत नाही. आमचा चर महिना-महिना भरलेला असतो. कडेने पाणी मुरत राहते, मग त्याच रस्त्यावरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. कडा तुटतात, मध्ये खोल चाकोऱ्या पडतात. आपण वर डांबर ओततो. पाणी खाली तसेच असते, म्हणून पुढच्या पावसाळ्यात डांबर उखडते. चर मोकळा ठेवण्याचा खर्च डांबरापेक्षा किती कमी आहे, हे आपल्या अंदाजपत्रकांतूनच दिसेल.

मोठ्या रस्त्यांवर ही शिस्त आहे. राष्ट्रीय महामार्गाला लागून पेट्रोल पंपाची वाट काढायची तर परवानगी लागते, नकाशा लागतो आणि पाण्याचा निचरा कसा होणार ते दाखवावे लागते. अमेरिकेत अनेक काउंट्यांमध्ये घराची वाट रस्त्याला जोडायची तर आधी परवाना घ्यावा लागतो आणि खालच्या नळ्याचा किमान व्यास नियमात ठरलेला असतो. आमच्या ग्रामीण मार्गाला आणि इतर जिल्हा मार्गाला एवढे लांबलचक काही नको. साधे असले तरी पुरे.

नियम असा असावा. शेतवाटेसाठी 600 मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचा नळा चालणार नाही. जिथे वरचे रान जास्त आहे, म्हणजे ओढ्याच्या जवळच्या वाटांना, 900 किंवा त्याहून मोठा. कुठून पुढे मोठा लागेल ते शाखा अभियंत्यांनी रस्ता पायी चालून नकाशावर खूण करून द्यावे. प्रत्येक शेतकऱ्याला गणित करायला लावू नये. नळ्याचा तळ चराच्या तळाशी बरोबर असावा, वर नसावा. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मी तक्रार मिटेल, कारण बहुतेक नळे चुकतात ते व्यासात आणि पातळीत. ट्रॉली जाणार म्हणून नळा एनपी-3 दर्जाचा घ्यावा, त्याच्यावर पुरेसा भराव बसत नसेल तर भोवती काँक्रीट करावे. एक नळा अडीच मीटर लांब असतो. तीन जोडले की उसाच्या ट्रॉलीला वळायला वाट मिळते, त्याहून लांब झाकण्याची परवानगी देऊ नये. सलग झाकलेल्या चराची सफाई कुणीच करत नाही. दुकान, ढाबा, मंगल कार्यालय यांच्यासमोर चाळीस-पन्नास फूट चर झाकून पार्किंग केले जाते, ते या एका अटीने थांबेल. आणि कोणत्याही मोरीच्या आतून कसलीही लाइन नेता येणार नाही. ज्यांनी आधी नेली आहे त्यांना ती रस्त्याखालून वेगळ्या आवरण-नळ्यातून काढायला एक उन्हाळा मुदत द्यावी.

परवानगी ग्रामपंचायतीत मिळावी, अर्ज एका पानाचा असावा, शुल्क नसावे. शाखा अभियंत्यांनी ठरावीक दिवसांत माप लिहून द्यावे, तसे न दिल्यास 600 चा नळा टाकायला मुभा समजावी, म्हणजे तोडणी आलेल्या माणसाला कुणाच्या सहीसाठी थांबावे लागणार नाही. गट नंबर, नळ्याचा व्यास, टाकल्याची तारीख आणि कुणाचा, ही नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत आणि नळ्याच्या तोंडावर रंगाने. नंबर दिसला की भांडणात कुणी कुणाला फसवू शकत नाही. आपल्या नळ्याच्या दोन्ही तोंडांचा गाळ 31 मेपर्यंत काढणे मालकाकडे, मधला चर आणि सरकारी मोरी काढणे ज्याचा रस्ता त्या विभागाकडे.

पैशाचा प्रश्न येणार हे मला दिसते. अल्पभूधारकाला तीन नळे आणि काँक्रीट परवडत नाही, हे खरे. शासनाच्या योजनेतून पाणंद रस्ते होतात, तिथे शेतवाटेच्या मोऱ्या त्याच अंदाजपत्रकात धराव्यात. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून तालुक्याच्या ठिकाणी 600 आणि 900 चे नळे ठेवावेत, घाऊक दराने शेतकऱ्याला द्यावेत, हप्ता करून द्यावा. साखर कारखान्यांनीही यात यावे. ऊस वेळेवर गव्हाणीत पडण्यासाठी याच वाटा लागतात.

जुने सगळे एकाच वर्षी उखडा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर गावोगाव आरडाओरडा होईल आणि नियम पहिल्याच महिन्यात गुंडाळला जाईल. नवे काम आजपासून मापाने व्हावे. जुन्यांपैकी जिथे नळाच नाही, नुसता मुरूम ओतला आहे, ती ठिकाणे या उन्हाळ्यात. एक फुटी आणि सहा इंची पुढच्या दोन उन्हाळ्यांत, खालून वर, म्हणजे ओढ्याच्या बाजूने सुरुवात करून. वरून सुरुवात केली तर मोकळे झालेले पाणी खालच्या अरुंद नळ्यावर येऊन खालच्या रानाचे नुकसान करील, हे कृपया विसरू नका. आणि दर वर्षी कोणत्या मोऱ्या साफ झाल्या त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. ‘पावसाळापूर्व कामे पूर्ण’ एवढ्या ओळीवर आमचे समाधान होत नाही.

1 मेच्या ग्रामसभेत हा नियम वाचून दाखवता येईल. त्याआधी शाखा अभियंत्यांनी, तलाठ्यांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक सकाळ काढून कमानी मोरीपासून गावापर्यंत आमच्याबरोबर चालावे. कोणत्या गटात पाणी कुठून येते आणि पूर्वी कुठे जात असे, हे सांगणारी वडीलधारी माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. ज्यांच्यात बोलणे नाही तेही यायला कबूल आहेत, अट एवढीच की माप सरकारी माणसाने घ्यावे. टेप आणि पातळी पाहण्याचे यंत्र आपण आणा. गवत आम्ही आधी कापून ठेवू. तारीख कळवा.

आपली,
कृष्णाकाठची एक ऊस उत्पादक शेतकरी